दुधाळलेली पट्टी: आधी धातू ओळखा, मग पॉलिश घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी रत्नागिरीत एका इमारतीखालच्या पार्किंगमध्ये बरीच वर्षं उभी होती. आता ती पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. खिडक्यांभोवतीची आणि बाजूची चकचकीत पट्टी दुधाळ पडली आहे, काही ठिकाणी ओघळ उतरल्यासारखे पांढरे डाग आहेत. बंपरवर तपकिरी ठिपके आले आहेत, दारांच्या हँडलवर फोड आले आहेत. दोन संध्याकाळी मेटल पॉलिशची क्रीम लावून हात भरून येईपर्यंत घासलं, तरी पट्टी होती तशीच. फडकंही फारसं काळं झालं नाही. गॅरेजवाला म्हणतो ॲसिड मारा. पेंटर म्हणतो पेपर (सँडपेपर) मारून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लॅकरचा थर, देऊ. प्लेटिंगवाला म्हणतो सगळंच काढून आणा, निकेल-क्रोम करून देतो. तर आता कुठलं पॉलिश घ्यावं?

माझं उत्तर: आत्ता कुठलंच घेऊ नका. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची गोष्ट पॉलिशच्या नावात नाही, "फडकं फारसं काळं झालं नाही" या वाक्यात आहे. उघडं ॲल्युमिनियम पॉलिशने घासलं की दहा-बारा हातांतच फडकं काळंकुट्ट होतं. धातूचे अतिसूक्ष्म कण निघून क्रीममध्ये मिसळतात, म्हणून तो काळा रंग येतो. तुम्ही दोन संध्याकाळी घासूनही तो आला नाही, याचा अर्थ तुमची क्रीम धातूपर्यंत पोचलेलीच नाही. मध्ये काहीतरी आहे, आणि दुधाळपणा बहुतेक त्या मधल्या थरात आहे. चष्म्याच्या काचेवर ओरखडे असताना डोळे पुसण्यासारखं हे काम आहे. कितीही मन लावून केलं तरी फरक पडणार नाही.

म्हणून खरा प्रश्न दोन भागांत येतो. पट्टी कुठल्या धातूची आहे, आणि तिच्यावर काय चढवलेलं आहे. या दोन्हींची उत्तरं मिळाली की पुढचं काम बऱ्यापैकी सरळ आहे. ती न मिळवता सुरू केलं की चांगली पट्टी वाया जाते, आणि कुर्ल्यात बनलेल्या या गाडीचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत.

तुमच्या गाडीचा कुठला भाग कशाचा आहे, हे मी इथून छातीठोक सांगणार नाही. चाळीस वर्षांच्या गाडीवर कारखान्यातून आलेलीच पट्टी असेल याची खात्री नसते. मधल्या काळात एखादा ठोका बसला, कुणी बाजारातली पट्टी आणून लावली, कुणी दुसऱ्या गाडीची उतरवून बसवली, असं सर्रास झालेलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत डाव्या दाराची पट्टी ॲल्युमिनियमची आणि उजव्या दाराची स्टेनलेसची असं बऱ्याचदा सापडतं, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. त्यामुळे प्रत्येक तुकडा स्वतंत्र तपासा.

तपासायला लोहचुंबक, मल्टिमीटर आणि थिनरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा एवढं पुरतं.

चुंबक घट्ट चिकटला तर आत पोलाद आहे आणि वरची चमक क्रोमची. बंपर बहुधा असाच असतो. पण इथे एक मेख आहे. स्टेनलेसच्या काही जाती चुंबकाला चिकटतात, उदाहरणार्थ ४३० नंबरची. ३०४ नंबरची चिकटत नाही, फार तर वाकवलेल्या जागी थोडी ओढ दाखवते. म्हणून चुंबक चिकटला आणि पट्टी पातळ असली तर मागची बाजू पाहा. साध्या पोलादाच्या पट्टीला एवढ्या वर्षांत आतून गंज चढलेला असतोच. स्टेनलेसची पाठ मळलेली असते, पण गंजून पापुद्रे सुटलेले नसतात.

चुंबक चिकटला नाही तर वजन पाहा. ॲल्युमिनियम हातात घेताच कळतं, कारण त्याचं वजन तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असतं. हँडल, चिन्हं, अक्षरं असे जाडजूड कोरीव भाग चुंबकाला चिकटत नाहीत आणि तरी जड लागतात. ते जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात ओतलेले असतात.

आता मल्टिमीटर. तो 'बीप' देणाऱ्या कंटिन्यूइटीवर ठेवा आणि दोन्ही टोकं पट्टीच्या दर्शनी बाजूवर आडवी, हलक्या हाताने टेकवा. टोचू नका, नाहीतर थर भेदला जाईल आणि खोटं उत्तर मिळेल. क्रोम, स्टेनलेस, उघडं ॲल्युमिनियम हे सगळे बीप देतात. ॲनोडाइझ केलेलं ॲल्युमिनियम देत नाही, कारण ॲनोडायझिंग म्हणजे धातूच्या पृष्ठभागापासूनच वाढवलेला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर, आणि तो वीज वाहू देत नाही. बीप आला नाही तर थिनरचा बोळा पट्टीच्या कोपऱ्यात थोडा वेळ दाबून धरा. बोळा चिकट झाला, पिवळसर काही सुटून आलं, तर कुणीतरी वरून लॅकर मारलेलं आहे. काहीच झालं नाही तर बहुतेक ॲनोडायझिंगच.

तुमचं वर्णन वाचून माझा अंदाज ॲनोडायझिंगचा आहे, आणि त्या पांढऱ्या ओघळांमुळे तो पक्का होतो. ॲल्युमिनियम ऑक्साइड साधारण ४ ते ९ पीएचच्या दरम्यान टिकतो. त्याच्या खाली आम्ल आणि वर अल्क, दोन्ही त्याला खातात. इमारतीखाली उभ्या गाडीवर पावसाळ्यात स्लॅबमधून गळणारं पाणी पडतं. ते पाणी काँक्रीटमधला चुना विरघळवत खाली येतं, आणि चुन्याच्या निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. काचेवर, बॉनेटवर जे पांढरे, घासूनही न जाणारे थेंब दिसतात ते हेच. रंगावर डाग पडतो, पण ॲनोडायझिंग थेट कोरलं जातं. त्यात धुवायला वॉशिंग सोडा किंवा कपड्यांची पावडर वापरली गेली असेल, तर तोही अल्कच. वर रत्नागिरीची खारी हवा, जी थराच्या बारीक छिद्रांतून खाली शिरते. मूळ थरच काही मायक्रॉनचा, त्यामुळे तो असा ठिकठिकाणी कोरला गेला की त्यावरचा प्रकाश विखुरतो आणि आपल्याला दुधाळ दिसतं.

सगळं उतरवण्याआधी एक सौम्य प्रयत्न जरूर करा. कधीकधी दुधाळपणा नुसता वरचा असतो: जुन्या मेणाचा थर, पाण्यातले क्षार, पॉलिशचा वाळलेला पांढरा थर. साध्या कार शाम्पूने धुवा, टर्पेंटाइनने पुसा, मग वाटीभर पाण्यात अर्धा चमचा लिंबूसत्त्व घालून ते फडक्याने दोन इंचांवर लावा आणि मिनिटभरात धुऊन टाका. तेवढ्या जागी पट्टी स्पष्ट उजळली तर सुटलात, सगळीकडे तेवढंच करा आणि वर मेण लावा. ओली असताना छान दिसते आणि सुकली की पुन्हा दुधाळ होते, असं असेल तर थर कोरला गेला आहे. तो कुठल्याही क्रीमने भरून येत नाही. आणि दुधाळपणा हलकाच असेल, गाडी मूळ स्थितीत जपायची असेल, तर मी लोकांना तिथेच थांबायला सांगतो. मूळ ॲनोडायझिंग थोडं मंद दिसलं तरी ते धातूचं रक्षण करत असतं. ते काढलं की पट्टी चमकेल, पण जन्मभर सांभाळावी लागेल.

तरीही काढायचं ठरलं, तर पद्धत सांगतो. इथे घाई अजिबात नको.

थर काढायला कॉस्टिक सोडा लागतो. हे धोक्याचं रसायन आहे. डोळ्यात थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे बाजूने बंद असलेला गॉगल, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे यांवर तडजोड नाही. काम उघड्यावर करा, मुलं आणि जनावरं लांब ठेवा, शेजारी पाण्याचा पाइप चालू स्थितीत असू द्या. अंगावर उडालं तर बराच वेळ वाहत्या पाण्याखाली धरा. व्हिनेगर चोळत बसू नका. डोळ्यात गेलं तर धुणं न थांबवता दवाखाना गाठा. आधी पाणी घ्या आणि त्यात सोडा थोडा थोडा घाला. उलट कधीच नाही, कारण विरघळताना तो भयंकर तापतो आणि उसळतो. ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा जस्ताचा मुलामा दिलेली बादली चालणार नाही, सोडा दोन्ही धातू खातो. लांब पट्टीसाठी मला सगळ्यात सोयीची वाटते ती पावसाच्या पाण्याची पीव्हीसी पन्हळ. दोन्ही टोकांना तिच्याच टोप्या बसवल्या की हवा तेवढा लांब हौद तयार होतो.

लिटरला ४० ते ५० ग्रॅम सोडा पुरतो. पट्टीवरच्या लोखंडी क्लिपा, रबर, स्क्रू सगळं काढून, साबणाने धुऊन पट्टी आत ठेवा. आता नुसतं बघत राहायचं, कारण इथे पट्टी स्वतःच सांगते काय चाललंय ते. सुरुवातीला काहीच होत नाही. सोडा ऑक्साइडचा थर विरघळवत असतो, आणि ऑक्साइड विरघळताना वायू निघत नाही. थर संपून सोडा धातूला भिडला की हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुरू होतात. म्हणजे बुडबुडे ही थर गेल्याची खूण आहे. आधी कोरलेल्या जागी, मग कडांना, मग सगळीकडे ते सारखे दिसू लागले की पट्टी लगेच बाहेर. किती मिनिटं लागतील हे थराच्या जाडीवर आणि पाण्याच्या तापमानावर अवलंबून आहे. साधारण पाच ते पंधरा मिनिटांची तयारी ठेवा, पण घड्याळापेक्षा बुडबुड्यांवर विश्वास ठेवा. जास्त वेळ राहिली तर धातूच खरवडला जातो आणि मग पेपरचं काम दुप्पट होतं. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून आसपास विडी, सिगारेट, गॅस काहीही नको.

बाहेर काढलेली पट्टी करडी-काळी दिसेल. घाबरू नका. ॲल्युमिनियममध्ये मिसळलेले दुसरे धातू सोड्यात विरघळत नाहीत, तेच काजळीसारखे वर राहतात. भरपूर पाण्याखाली नायलॉनच्या ब्रशने घासा, बरंच निघतं, उरलेलं पेपरने जातं. सुकवून मल्टिमीटर लावा. सगळीकडे बीप आला तर थर पूर्ण गेला. एखादी जागा गप्प राहिली तर तेवढ्यासाठी पुन्हा थोडा वेळ. उरलेला सोडा भरपूर पाण्यात पातळ करून मोरीत सोडा. झाडांच्या आळ्यात ओतू नका. पट्टीवर काळी रेघ किंवा रंग भरलेला असेल तर तो या कामात जातो, म्हणून आधी फोटो काढून आणि रुंदी मोजून ठेवा.

पुढे वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा सँडपेपर; नंबर जितका मोठा तितका तो बारीक. खड्डे, ओरखडे असतील तर ४०० ने सुरुवात, नाहीतर ८०० ने. मग १०००, १५००, २०००. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका म्हणजे पेपर भरत नाही. पट्टी गोलसर असते म्हणून लाकडी ठोकळ्याऐवजी शाळेतलं खोडरबर पेपरखाली धरा, ते आकाराप्रमाणे दबतं. प्रत्येक पेपरला दिशा थोडी तिरकी बदला, म्हणजे आधीच्या पेपरच्या रेघा अजून शिल्लक आहेत की नाही ते दिसतं. शेवटचा पेपर मात्र पट्टीच्या लांबीच्या दिशेनेच. मधला नंबर गाळून वेळ वाचवण्याचा मोह अनेकांना होतो. ४०० ची रेघ २००० ने जात नाही, ती बफिंगनंतर उन्हात गाडी उभी केली की दिसते.

मग बफ, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर घासून चमक आणणं. बेंच ग्राइंडरवर सहा इंची सुती चाक, २८०० फेऱ्यांचं साधं मशीन चालतं. चाकाला आधी तपकिरी ट्रायपोलीची (पॉलिशच्या घट्ट मसाल्याची) वडी, नंतर दुसऱ्या स्वच्छ चाकावर पांढरी वडी. एका चाकावर दोन वड्या लावायच्या नाहीत. ॲल्युमिनियम मऊ आहे, दाबलं की तापतं आणि वडी पट्टीवरच काळी चिकटून बसते, म्हणून हलका हात आणि सारखी हालचाल हवी.

बफिंगमध्ये सगळ्यात मोठा धोका पट्टीच्या कडेचा असतो. लांब, पातळ पट्टी चाकाच्या तोंडात कडेने गेली की चाक ती हातातून हिसकावून घेतं आणि चाबकासारखी फिरवतं. पट्टी कायमची वाकते आणि हात-चेहरा कापला जातो. म्हणून काम नेहमी चाकाच्या मध्यरेषेच्या किंचित खाली करायचं, आणि चाक पट्टीवरून कडेकडे बाहेर जाईल असं धरायचं, कडेवर कधीही चढू द्यायचं नाही. पट्टीमागे तिच्या आकाराची लाकडी पट्टी ठेवून दोन्ही एकत्र धरा. कापडी हातमोजे, सैल बाह्या, गळ्यातला रुमाल हे सगळं काढून ठेवा. तोंडाला मास्क लावा. त्याच मशीनवर लोखंड घासू नका, ॲल्युमिनियमची बारीक धूळ ठिणगीने पेटते. हे वाचून मशीनची धास्ती वाटली तर काम बफिंगवाल्याकडे द्या. पेपर २००० पर्यंत तुम्ही हाताने आणला असेल तर त्याचं काम थोडंच उरतं, आणि घाईत तो पट्टीच्या धारदार कडा गोल करून टाकेल ही भीतीही कमी होते.

पॉलिश झाल्यावर ती तशीच ठेवायची की वर काही चढवायचं, यात माझं मत ठाम आहे, पण ते गाडी कुठे राहते यावर अवलंबून आहे. पुणे-नाशिकसारख्या कोरड्या हवेत आणि बंद गॅरेजात उघडी पॉलिश केलेली पट्टी मेणाच्या थरावर छान राहते. दर दोन-तीन महिन्यांनी एकदा क्रीमचा हलका हात आणि मेण, बस. रत्नागिरीत ते पावसाळ्यात टिकणार नाही. खारी, ओली हवा उघड्या ॲल्युमिनियमला काही आठवड्यांत मंद करते. तिथे पुन्हा ॲनोडाइझ करून घेणंच योग्य. भोसरी, सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतींत हे काम करणारे लोक आहेत. पण त्यांना एक वाक्य ठणकावून सांगा आणि चलनावर लिहून घ्या (एच म्हणजे रसायनाने पृष्ठभाग कोरणं, सील म्हणजे थराची बारीक छिद्रं बंद करणं): "सोड्यात एच करू नका, पॉलिश जशीच्या तशी ठेवून क्लिअर ॲनोडाइझ करा आणि सील करा." कारण खिडक्या-दारांच्या कामात त्यांची नेहमीची पहिली पायरी म्हणजे गरम सोड्यात बुडवणं, म्हणजे तुमची सगळी मेहनत पाच मिनिटांत मॅट. सगळ्या पट्ट्या एकाच खेपेत द्या म्हणजे छटा सारखी येते, आणि त्यांच्यावर एकही लोखंडी खिळा किंवा क्लिप ठेवू नका. ॲनोडाइझ झाल्यावर चमक आरशापेक्षा किंचित शांत दिसेल. कारखान्यातून आलेली पट्टीही तशीच दिसायची.

पेंटरचा क्लिअर कोट मी सुचवत नाही. गुळगुळीत पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमवर लॅकरला धरायला जागा मिळत नाही. एखाद्या कडेला दगड लागला की तिथून ओल आत शिरते आणि थराखाली पांढऱ्या रेषा पसरत जातात. मग ते सगळं उतरवून पहिल्यापासून सुरुवात. गॅरेजवाल्याच्या ॲसिडबद्दल तर माझी हात जोडून विनंती आहे की ते करू नका. बाथरूम साफ करायच्या ॲसिडमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते ॲल्युमिनियम खातं, स्टेनलेसवर बारीक खड्डे पाडतं, आणि क्रोम तर चक्क विरघळवून टाकतं. प्लेटिंगवाले जुनं क्रोम उतरवायला तेच वापरतात.

तुमच्या तपासणीत काही पट्ट्या स्टेनलेसच्या निघाल्या तर आनंद माना. त्यावर कुठलाही थर नसतो, चमक धातूचीच. दुधाळपणा म्हणजे वर्षानुवर्षांच्या घासण्याच्या बारीक रेघा, आणि त्या जातात. ८०० पासून वर पेपर, मग थोडं कडक चाक आणि हिरवी वडी. पोचे असतील तर पट्टी लाकडाच्या ठोकळ्यावर पालथी ठेवून मागून छोट्या, गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने हळूहळू उठवा, मग वरून बारीक कानशीचा एक हात फिरवा. चमकली ती जागा उंच, तशीच मंद राहिली ती खोल. पोचा मागून पूर्ण उठेपर्यंत कानस चालवत राहू नका, पत्रा पातळ होतो. स्टेनलेस एकदा नीट झाली की वर मेणही आवश्यक नाही, पण किनाऱ्यावर महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुतलेली बरी.

बंपरवरचे तपकिरी ठिपके वेगळी गोष्ट आहे. दिसणारं क्रोम एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतं. खरं अंग खालच्या निकेलचं, त्याखाली कधी तांबं, मग पोलाद. ठिपका म्हणजे तेवढ्या छिद्रातून ओल पोलादापर्यंत गेली आहे. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडे येत नाहीत, गंज मात्र निघतो. धुऊन, पूर्ण सुकवून मेण लावा, आणि आत, पाठीमागच्या बाजूलाही गंजरोधक मारा, कारण बंपर बहुधा मागून सडतो. ठिपक्यांच्या जागी बारीक काळे बिंदू राहतील. ते राहू द्या. घासून क्रोम संपवलं की खालचं निकेल पिवळसर दिसू लागतं आणि ते परत आणता येत नाही.

नख लागेल एवढे खड्डे असतील, किंवा क्रोमचे पापुद्रे निघत असतील, तरच प्लेटिंगवाल्याकडे जा. त्याला "निकेल कर" एवढंच सांगू नका. जुना मुलामा पूर्ण उतरवणार का, खड्डे भरायला तांबं चढवून ते पुन्हा बफ करणार का, निकेल किती जाड देणार, हे विचारा. जो तांब्यानंतर बफिंगची पायरी सांगतो, त्याच्याकडे काम द्या. जो संध्याकाळी घेऊन जा म्हणतो, त्याच्याकडे नको. क्रोमची आंघोळ घरी करायचे किट दिसले तरी त्या वाटेला जाऊ नका, त्यात बहुधा वापरलं जाणारं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे.

हँडलवरचे फोड मात्र वाईट बातमी आहे. जस्ताच्या ओतीव भागात ओल शिरली की मुलाम्याखाली पांढरी भुकटी तयार होते आणि ती क्रोमला वर ढकलते. फोड फोडला की खाली खड्डा असतो. तो खड्डा खरवडून, तांब्याने भरून, घासून, पुन्हा भरून मगच प्लेटिंग होतं. हे कौशल्य थोड्याच लोकांकडे उरलं आहे. खर्च विचारा, पण त्याआधी चांगल्या स्थितीतली जुनी हँडल मिळतात का ते कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पद्मिनी सांभाळणाऱ्या लोकांत शोधा. बहुतेक वेळा तेच स्वस्त आणि चांगलं पडतं. आणि हे भाग चुकूनही कॉस्टिकच्या पन्हळीत टाकू नका, जस्त त्यात विरघळतं.

एकंदर तुमच्यासाठी क्रम असा लागतो. आधी प्रत्येक तुकड्याची तपासणी करून वहीत नोंद. मग खिडकीवरची सगळ्यात छोटी, नजरेत न भरणारी एक पट्टी घेऊन शेवटपर्यंत करून बघा. ती मनासारखी झाली तरच पुढच्यांना हात घाला. बंपरला फॉइल आणि मेण, हँडल शोधमोहिमेवर. प्लेटिंगवाल्याकडे पट्ट्यांवर पैसे घालवायची गरज मला दिसत नाही.

पट्ट्या काढताना आणि परत बसवताना काही गोष्टी सांभाळा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. ॲल्युमिनियमची पट्टी एकदा दुमडली की ती रेघ कधीच पूर्ण जात नाही. रंगावर कागदी टेप लावा, प्लॅस्टिकची पातळ पट्टी क्लिपच्या अगदी जवळ सरकवा आणि एकेक क्लिप सैल करत जा. गंजलेल्या क्लिपांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकून ठेवा. मागच्या बाजूला खुणा लिहा: डावं पुढचं, उजवं मागचं. सोड्यात शाई पुसली जाते, म्हणून सुतळीला अडकवलेला प्लॅस्टिकचा बिल्ला बरा. काचेच्या रबरात बसलेली पट्टी असेल तर जुनं रबर कडक झालेलं असणार. ती ओढून काढण्याआधी नवं रबर मिळतंय का ते पक्कं करा, नाहीतर चकचकीत पट्टी हातात आणि पुढची काच गळतेय अशी वेळ येते.

पट्टी उतरली की खाली पत्र्यावर क्लिपांच्या भोकांभोवती गंज दिसेल. तो आत्ताच खरवडून प्राइमर आणि रंग लावून घ्या, पुन्हा ही जागा उघडी मिळणार नाही. जुन्या लोखंडी क्लिपा तशाच वापरल्या तर ॲल्युमिनियमला लोखंड आणि खारं पाणी मिळून नेमक्या क्लिपांच्या जागी पांढरे चट्टे उठतात. नायलॉनच्या क्लिपा बसत असतील तर त्या घ्या. नसतील तर लोखंडी क्लिपांना रंग देऊन, पट्टीला टेकणाऱ्या भागावर रबराचा पातळ तुकडा किंवा घट्ट ग्रीसचा थर द्या. गाडी त्याच पार्किंगमध्ये उभी राहणार असेल तर गळक्या स्लॅबखाली पत्रा किंवा ताडपत्री बांधून थेंब बाजूला वळवा, आणि हे पट्ट्या चढवायच्या आधी करा. तोवर एखादा थेंब पडलाच तर तो सुकू न देता लगेच भरपूर पाण्याने धुवा. ओला असेपर्यंत तो निघून जातो.